गाडीत गाणी लावायला पेनड्राइव्ह कुठला घ्यायचा आणि घेतल्यावर काय काय करायचं

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना खालचं सगळं वाचायला नको. बहुतेक गाड्यांसाठी ३२ जीबीचा, नावाजलेल्या कंपनीचा, पोर्टच्या बाहेर जेमतेम नखाएवढा दिसेल असा साधा यूएसबी २.० पेनड्राइव्ह घ्या, फॅट३२ मध्ये (फाइली साठवायची एक जुनी पद्धत, कसं ते पुढे आहे) फॉरमॅट करा, गाणी एमपी३ मध्ये टाका, बास. ज्यांचं एवढ्यात भागत नाही, किंवा भागायला हवं होतं पण टेप, म्हणजे गाडीतला म्युझिक प्लेअर, "नो फाइल" म्हणून गप्प बसतो, त्यांच्यासाठी पुढचं लिहितोय.

ब्लूटूथ असताना पेनड्राइव्ह कशाला हा प्रश्न येणारच. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर अडकल्यावर ऑनलाइन गाणी छान वाजतात, मान्य, पण त्याच फोनवर मॅप चालू असतो, मध्येच ऑफिसचा कॉल येतो, व्हॉट्सॲप टिंग टिंग करतं आणि गाणं बदलायला हात फोनकडेच जातो. आणि गणपतीला गावी निघालात की कशेडीच्या आसपास किंवा इकडे मुरबाडच्या पुढे माळशेज चढायला लागलात की नेटवर्क येऊन जाऊन असतं. शिवाय ब्लूटूथवरून जाताना आवाज परत एकदा कॉम्प्रेस होतो, पेनड्राइव्हवरची फाइल मात्र टेप स्वतः थेट वाचतो. त्यामुळे फोन मॅपला आणि पेनड्राइव्ह गाण्यांना, ही वाटणी मला तरी सगळ्यात बरी वाटते.

दुकानात जाण्याआधी खाली पार्किंगमध्ये जा

लोक आधी पेनड्राइव्ह घेतात आणि मग गाडीत चालतो का ते बघतात, उलटं करा. गाडीत यूएसबीची भोकं दोन-तीन असली तरी गाणी वाजवणारं बहुतेक एकच असतं. ज्याच्या बाजूला विजेची खूण किंवा नुसती चार्जिंगची खूण आहे ते फक्त फोन चार्ज करतं, मागच्या सीटवाल्यांसाठी एसीच्या खाली जी असतात ती तर जवळपास सगळीच चार्जिंगची. डेटावाल्या पोर्टला त्रिशूळासारखी यूएसबीची खूण किंवा संगीताचं चिन्ह असतं. खूण पुसली गेली असेल तर घरातला कुठलाही जुना पेनड्राइव्ह घ्या, त्यावर एक एमपी३ टाका आणि एकेका पोर्टला लावून सोर्समध्ये यूएसबी दिसतं का बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

नव्या गाड्यांत टाइप-सी पोर्ट आलेत. तुमच्याकडे डेटाचा पोर्ट टाइप-सी असेल तर दोन तोंडांचा पेनड्राइव्ह घ्या, एका बाजूला टाइप-सी, दुसऱ्या बाजूला नेहमीचं तोंड. ह्याचा आणखी एक फायदा म्हणजे फोनलाही थेट लागतो, लॅपटॉप नसला तरी गाणी टाकता येतात.

अजून एक गोष्ट बघायची जी कोणी बघत नाही. वायरने अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले वापरत असाल तर बऱ्याच गाड्यांत तोच एकुलता एक डेटा पोर्ट असतो. मग पेनड्राइव्ह लावला की फोन बाहेर आणि फोन लावला की पेनड्राइव्ह बाहेर. हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा जोड) लावून दोन्ही चालवू असं वाटेल, पण कंपनीने दिलेले बहुतेक टेप हब ओळखतच नाहीत. अशा गाडीत मॅपसाठी फोन ब्लूटूथवर किंवा वायरलेस अँड्रॉइड ऑटोवर घ्या, नाहीतर पेनड्राइव्हचा नाद सोडा.

मग गाडीचं मॅन्युअल काढा. ग्लव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या कागदांखाली ते पुस्तक असतं. ऑडिओच्या भागात एक छोटा तक्ता असतो: कुठली फाइल सिस्टम (फाइली साठवायची पद्धत) चालते, कुठले फॉरमॅट वाजतात, जास्तीत जास्त किती फाइल, किती फोल्डर, फोल्डरच्या आत किती पायऱ्या. त्याचा फोटो काढून ठेवा. जुन्या टेपला हजार फाइलच्या आत थांबावं लागतं, नवे बरेच हजार घेतात, पण प्रत्येकाची मर्यादा वेगळी आणि ती ओलांडली की टेप तक्रार करत नाही, पुढची गाणी सरळ दाखवतच नाही. बाहेरून बसवलेला मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड टेप असेल तर तो बहुतेक सगळं खातो, त्याची एवढी काळजी नको.

पेनड्राइव्ह, कार्ड, एसएसडी की हार्डडिस्क

हार्डडिस्क गाडीत लावू नका. आत तबकडी फिरत असते, सुरू होताना तिला जो करंट लागतो तो यूएसबी २.० पोर्टच्या ५०० मिलिॲम्पमध्ये नेहमी भागत नाही, म्हणून ती टकटक करत बसते. त्यात पावसाळ्यातले आपले रस्ते, आणि वर ऊन. बऱ्याच पोर्टेबल हार्डडिस्कना कंपनी स्वतःच चालू असताना ३५ अंशांपर्यंतची मर्यादा सांगते, मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं तापमान त्याच्या कुठल्या कुठे जातं.

पोर्टेबल एसएसडी (आत काही फिरत नाही अशी चिपवरची डिस्क) हलण्या-धडकण्याला भीत नाही, पण ती घेणं म्हणजे भाजी आणायला टेम्पो काढण्यासारखं आहे. तिची किंमत मोजतो ती वेगासाठी आणि गाण्याला वेग लागतच नाही. ३२० केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिटचं, गाणं सेकंदाला ४० किलोबाइट (केबी) मागतं. अगदी स्वस्तातला यूएसबी २.० पेनड्राइव्हसुद्धा सेकंदाला कित्येक एमबी वाचून देतो. म्हणून दुकानदार "सर हा यूएसबी ३.२ घ्या, आवाज क्लिअर येतो" म्हणाला तर हसून सोडून द्या. वेगाचा फरक पडतो तो घरी गाणी भरताना. साध्या पेनड्राइव्हवर लिहिण्याचा वेग सेकंदाला ५-६ एमबी असला तर २८ जीबी भरायला तासाभराच्या वर जातो, रात्री लावून झोपायचं.

टेपला एसडी कार्डचा खाचा असेल तर मात्र कार्ड मस्त. बाहेर काही येत नाही, गुडघा लागत नाही, चोराला दिसत नाही. फक्त दोन गोष्टी. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड एसडीएचसी असतं आणि फॅट३२ मध्ये येतं, त्याच्या वरचं एसडीएक्ससी, ते एक्सफॅट नावाच्या नव्या पद्धतीत येतं आणि जुने खाचे ते घेत नाहीत. दुसरं म्हणजे खाचात आधीच एखादं कार्ड असेल तर ते कंपनीचं नकाशाचं असू शकतं, ते काढून फॉरमॅट मारलं की नॅव्हिगेशन गेलं.

पेनड्राइव्हचा आकार हा खरा मुद्दा. सॅनडिस्क क्रूझर ब्लेडसारखा लांबुळका चालतो, पण डेटा पोर्ट गिअरच्या पुढे खाली असेल तर ड्रायव्हरचा गुडघा, पाण्याची बाटली, खाली वाकून टोल पावती शोधणारा हात, कशाचा तरी धक्का बसतोच आणि त्यात पेनड्राइव्हपेक्षा पोर्टचं जास्त नुकसान होतं. पेनड्राइव्ह दुसरा मिळेल, पोर्ट बदलायला डॅशबोर्ड उघडावा लागतो. म्हणून क्रूझर फिट किंवा सॅमसंग फिट प्लससारखा बुटका घ्या. बुटक्याचा त्रास एकच, काढताना नखं लागतात आणि हातातून सीटच्या फटीत पडला की गेला. वर दोऱ्याचं भोक असेल तर रंगीत दोरा बांधा.

किती जीबी

साधा हिशोब. १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण १ एमबी, ३२० ला साधारण अडीच. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं ३२० मध्ये १२ एमबी. ३२ जीबीमध्ये अशी अडीच हजाराच्या आसपास गाणी बसतात, म्हणजे दोनशे तासांच्या वर. ठाण्याहून बेलापूरला रोज ऐरोलीमार्गे ये-जा करणाऱ्याला कित्येक महिने एक गाणं परत ऐकावं लागणार नाही. (लॅपटॉपवर ३२ ऐवजी २९ च्या आसपास दिसेल, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, फसवणूक नाही.)

६४ किंवा १२८ घ्यायला हरकत नाही, पण टेप गाडी सुरू केल्यावर अख्खा पेनड्राइव्ह चाळतो आणि जितक्या फाइल जास्त तितका वेळ जास्त. काही टेप चाळून होईपर्यंत काही वाजवत नाहीत. त्यापेक्षा ३२ चे दोन घेतलेले बरे, एक रोजचा आणि एक लांबच्या प्रवासाचा.

घेताना

गोखले रोड, ठाणे स्टेशनचा परिसर, वाशीला सेक्टर १७, जिथून घ्याल तिथून बिल घ्या. लॅमिंग्टन रोडला जाण्याइतकी ही मोठी खरेदी नाही. फुटपाथवर किंवा ऑनलाइन चार-पाचशे रुपयांत १ टीबी, २ टीबी लिहिलेला पेनड्राइव्ह दिसला की पुढे चालू लागा. त्याच्या आत चिप छोटीच असते, फक्त कंट्रोलरला (चिप चालवणाऱ्या भागाला) खोटं बोलायला शिकवलेलं असतं. लॅपटॉपला १ टीबी दाखवतो, गाणी कॉपी झाली असंही म्हणतो, पण खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत. गाण्यांची नावं दिसतात, वाजत काही नाही, आणि माणूस टेपला शिव्या घालतो.

चांगल्या कंपनीच्या नावाचेही नकली निघतात म्हणून नवा पेनड्राइव्ह रिकामा असतानाच तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, उघडल्यावर जर्मन भाषा दिसली तर घाबरू नका, इंग्रजीचा पर्याय तिथेच आहे. ते पूर्ण जागा भरतं आणि परत वाचून बघतं. मॅक आणि लिनक्सवर ह्याच कामाला एफ३. एरर आली तर बिल घेऊन त्याच दिवशी दुकानात.

फॉरमॅट, इथेच निम्मे लोक अडकतात

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना मुलाने २५६ जीबीचा पेनड्राइव्ह भरून दिला. स्टिल्ट पार्किंगमध्ये काका गाडी चालू करून बसलेले, स्क्रीनवर "यूएसबी नॉट सपोर्टेड", आणि मला म्हणतात, "अरे लॅपटॉपवर वाजतंय की सगळं, मग ह्याला काय झालं?" म्हटलं, "काका, तुमच्या टेपला एक्सफॅट कळत नाही, पेनड्राइव्ह चांगला आहे." वर आणून गाणी लॅपटॉपवर काढली, फॅट३२ केलं, गाणी परत टाकली आणि चालू झालं.

फॅट३२ म्हणजे जुनी, जवळपास प्रत्येक टेपला कळणारी पद्धत. तिची एक मर्यादा म्हणजे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, गाण्याला त्याचं काय. एक्सफॅट २००६ मध्ये आली, नवे टेप घेतात, जुने नाही. एनटीएफएस ही विंडोजची पद्धत गाडीसाठी विसरा.

३२ जीबीपर्यंत सोपं आहे: विंडोजमध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टम फॅट३२, बाकी काही न बदलता क्विक फॉरमॅट, स्टार्ट. आतलं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा आणि दोनदा बघा की पेनड्राइव्हच निवडलाय. ३२ च्या वर ह्या खिडकीत फॅट३२ चा पर्यायच येत नाही, तेव्हा रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरा. त्यात बूट सिलेक्शन नॉन बूटेबल, पार्टिशन स्कीम एमबीआर, फाइल सिस्टम लार्ज फॅट३२. एमबीआर आणि जीपीटी ह्या पेनड्राइव्हवरच्या जागेची मांडणी लिहायच्या दोन पद्धती, त्यातली एमबीआर महत्त्वाची, जीपीटी असेल तर फॅट३२ असूनही बरेच टेप पेनड्राइव्ह ओळखत नाहीत.

मॅकवाल्यांनी डिस्क युटिलिटीत व्ह्यूमध्ये जाऊन आधी शो ऑल डिव्हायसेस करावं, मग वरचं मूळ नाव निवडून एमएस-डॉस फॅट आणि मास्टर बूट रेकॉर्ड. मॅकचा आणखी एक छळ आहे. प्रत्येक गाण्याबरोबर डॉट आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी एक अदृश्य फाइल तो टाकून ठेवतो. मॅकवर दिसत नाही, टेपला मात्र दिसते, मग एक गाणं वाजतं आणि पुढचं "अनप्लेएबल", परत एक वाजतं. टर्मिनलमधली डॉट क्लीन कमांड चालवा किंवा विंडोज लॅपटॉपवर नेऊन त्या फाइली उडवा.

गाणी कुठल्या रूपात

एमपी३ सगळीकडे वाजतं. डब्ल्यूएमए बऱ्याच ठिकाणी, एमफोरए म्हणजे एएसी बहुतेक नव्या टेपवर, फ्लॅक (आवाजातलं काही न गाळता साठवलेली मोठी फाइल) मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच. फ्लॅकवाले चिडतील, पण ठाणे-बेलापूर रोडवर एका बाजूला ट्रेलर, वर एसीचा पंखा आणि खाली टायरचा आवाज, ह्यात फ्लॅक आणि ३२० मधला फरक ओळखणारा कान माझ्याकडे नाही. जुनी भावगीतं, नाट्यगीतं १९२ मध्येही छान लागतात. आणि १२८ चं गाणं ३२० मध्ये बदलून काही सुधारत नाही, जे गेलं ते गेलं, फाइल तेवढी फुगते. जुना टेप असेल तर बदलत्या बिटरेटच्या (केबीपीएसचा आकडा गाण्यात मध्येच बदलतो अशा) फाइलींना वेळ चुकीची दाखवतो, तिथे ठराविक बिटरेट ठेवा.

ॲपमध्ये ऑफलाइन डाउनलोड केलेली गाणी पेनड्राइव्हवर टाकून वाजणार नाहीत, ती कुलूपबंद असतात आणि त्या ॲपमध्येच उघडतात. घरातल्या सीडी असतील तर त्या लॅपटॉपवर उतरवून घ्या, आपल्याकडच्या कित्येक घरांत कपाटात अभंगांच्या आणि शास्त्रीय संगीताच्या सीडी पडून आहेत आणि त्यांची क्वालिटी नेटवरून कुठून कुठून उतरवलेल्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. आयट्यून्सवरून विकत घेतलेली गाणीही उघडी असतात, एमफोरएमध्ये.

एक काम मात्र जरूर करा, आवाज सारखा करून घ्या. साठच्या दशकातलं रेकॉर्डिंग हळू असतं, तुम्ही आवाज वाढवता आणि पुढचं कोळीगीत डीजेवालं आलं की मागे झोपलेलं पोरगं दचकून उठतं. एमपी३गेन नावाचं फुकट सॉफ्टवेअर सगळ्या फाइलींची पातळी सारखी करतं, परत एन्कोड न करता, म्हणजे क्वालिटी तशीच राहते. त्यात आधीच ८९ डेसिबल असतं, तेच ठेवलं तरी चालतं. तासाभराचा ख्याल असेल तर एमपी३डायरेक्टकटने त्याचे विलंबित आणि द्रुत असे तुकडे करून ठेवा, कारण टेपवर चाळीस मिनिटं पुढे पळवत बसणं चालवताना जमत नाही.

फोल्डर आणि क्रम

फोल्डर गायकाप्रमाणे लावायचा मोह होतो, मी म्हणेन प्रसंगाप्रमाणे लावा. सकाळ, संध्याकाळ, घाट, पोरांची बालगीतं, आई-बाबा बरोबर असताना. गाडी चालवताना "कोण ऐकू" असं मनात येत नाही, "काहीतरी शांत लाव" असं येतं. एका फोल्डरमध्ये पन्नास-साठ गाण्यांच्या वर नको आणि फोल्डरच्या आत फोल्डर एकच पायरी. स्टिअरिंगवरच्या बटणाने पुढे-मागे करून पोचता आलं पाहिजे, स्क्रीनकडे बघायची वेळ येता कामा नये.

क्रमाचं गौडबंगाल असं आहे की बरेच टेप गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात. लॅपटॉपवर सगळं नीट दिसतं आणि गाडीत आरतीच्या आधी मंत्रपुष्पांजली येते. उपाय: नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला, शंभरच्या वर असतील तर ००१ पासून, कारण नुसतं १, २ लिहिलं तर काही टेप १ नंतर १० वाजवतात. मग रिकाम्या पेनड्राइव्हवर एकेक फोल्डर कॉपी करा. विंडोजमध्ये सगळ्या फाइली निवडून ओढताना पहिल्या फाइलला धरून ओढा, कारण जिला धरता ती आधी जाते. एवढं करूनही गोंधळ असेल तर विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट, लिनक्सवर फॅटसॉर्ट, ही सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरची यादीच क्रमाने लावून देतात.

नावं देवनागरीत लिहिली तर बऱ्याच टेपवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. आधी एक गाणं टाकून बघा, दिसलं तर उत्तम, नाहीतर नाइलाजाने इंग्रजी अक्षरांत. आणि लक्षात घ्या, स्क्रीनवर फाइलचं नाव दिसतंच असं नाही, आतला टॅग, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली गाण्याची आणि गायकाची माहिती, दिसतो. त्या टॅगमध्ये लता मंगेशकर, लताजी, लता एम असं तीन प्रकारे लिहिलेलं असेल तर टेप तीन गायिका दाखवतो, शिवाय कुठल्या तरी वेबसाइटची जाहिरात. एमपी३टॅग नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोल्डर उघडा, सगळी गाणी निवडा, आर्टिस्ट एकदाच लिहा, सेव्ह. सेटिंगमध्ये आयडी३ (टॅग लिहायची पद्धत) व्हर्जन २.३ ठेवा, जुन्या टेपला २.४ नीट कळत नाही. फोटो म्हणजे अल्बमचं कव्हर ५०० बाय ५०० च्या जेपीजीपेक्षा मोठं नको.

सांभाळायचं कसं

वाचून पेनड्राइव्ह झिजत नाही, लिहून झिजतो, त्यामुळे भरून लावून ठेवलेला वर्षानुवर्षं चालतो. त्याला मारते ती उष्णता. साध्या पेनड्राइव्हची मर्यादा ४५ ते ६० अंशांच्या मध्ये कुठेतरी असते आणि उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्याही वर जातो. पोर्ट आर्मरेस्टमध्ये असेल तर काळजी नाही, काचेखाली उघड्यावर असेल तर दुपारभर उन्हात गाडी लावताना काढून खिशात टाका. पाम बीच रोडच्या बाजूला, खाडीजवळ राहणाऱ्यांच्या पेनड्राइव्हच्या धातूच्या पट्ट्यांवर खारी हवा बसते, मध्येच कनेक्शन जातं, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवला की बहुतेक वेळा सुटतो. आणि सगळी गाणी लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये जशीच्या तशी ठेवा, हरवला तर अर्ध्या दिवसात दुसरा तयार.

गाडीत यूएसबीच नसेल तर

जुन्या गाडीत ऑक्सचं (हेडफोनसारखी वायर लागते ते) भोक असेल तर पेनड्राइव्ह घेणारा छोटा एमपी३ प्लेअर आणि ३.५ मिलिमीटरची वायर, हा सगळ्यात चांगला मार्ग. तेही नसेल तर सिगरेट लायटरच्या सॉकेटला लागणारा एफएम ट्रान्समीटर, ज्याला पेनड्राइव्ह लागतो. आवाज रेडिओइतकाच येणार आणि आपल्याकडे अडचण मोकळ्या जागेची आहे. मुंबईचा एफएम बँड ९१.१ पासून ९४.३ पर्यंत गच्च, मग ९८.३, १००.७, १०४ च्या आसपास आणि १०७.१, सगळीकडे स्टेशनं. ८८ ते ९० मध्ये शोधा, जिथे नुसती खरखर ऐकू येते तिथे लावा, आणि गाडी उभी असतानाच रेडिओच्या मेमरीत टाकून ठेवा. गाडी बंद केल्यावर तो काढून ठेवायचा, काही गाड्यांत ते सॉकेट चावी काढल्यावरही चालू राहतं आणि चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते.